सोलमध्ये भारताचं मत कुठल्या बाजूला पडलं? भारतीय पॅरालिम्पिक समितीला खुलं पत्र

सांगली, ऑक्टोबर २०२५

प्रति,
माननीय अध्यक्ष श्री. देवेंद्र झाझरिया आणि सर्व पदाधिकारी,
भारतीय पॅरालिम्पिक समिती, नवी दिल्ली

नमस्कार.

पत्र मराठीतून लिहितेय, कारण राग आला की मला मराठीच सुचतं. दुसरं म्हणजे हे फक्त तुम्ही वाचावं असं नाहीये, माझ्या आजूबाजूच्या लोकांनी पण वाचावं म्हणून सगळ्यांसमोर टाकतेय. तुमच्या ऑफिसात कुणीतरी मराठी माणूस असेलच, तो सांगेल समजावून.

तर मुद्दा असा की २७ सप्टेंबरला दिल्लीत जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर जागतिक पॅरा ॲथलेटिक्स सुरू झालं, आपण सगळे त्यात गुंग होतो, पुढं २२ पदकं पण आली, आनंदच आहे. पण त्याच दिवशी तिकडं सोलमध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीची, म्हणजे आयपीसीची आमसभा चालू होती आणि तिथं युक्रेन युद्धामुळं रशिया आणि बेलारूसवर लागलेलं निलंबन उठलं. रशियाच्या बाबतीत आधी पूर्ण निलंबनाचा ठराव आला, तो १११ विरुद्ध ५५ नं पडला. मग अंशतः निलंबन तरी ठेवा असा ठराव आला, तो ९१ विरुद्ध ७७ नं पडला. परत एकदा बघा हा दुसरा आकडा. आठ देशांनी हात दुसरीकडं वळवला असता तर निकाल फिरला असता. एका देशाला एक मत, आणि त्यातलं एक भारताचं. ते कुठं गेलं? मी जिथं जिथं शोधता येतं तिथं शोधलं, बातम्या चाळल्या, तुमच्या साईटवर बघितलं, सोशल मीडिया बघितलं, मला काही मिळालं नाही. म्हणून आता सरळ तुम्हालाच विचारतेय.

तुम्ही म्हणाल ह्या बाईला काय पडलंय रशिया-युक्रेनचं, आणि ते पण पॅरालिम्पिकचं. सांगते.

मी २०१७ ला एमबीबीएस करायला युक्रेनमधल्या खारकीवला गेले. आपल्याकडची शेकडो पोरं जायची तशीच, इथल्या प्रायव्हेट कॉलेजची फी परवडत नाही म्हणून. होस्टेलच्या दारावर एक आजी बसायच्या, पास तपासायच्या, रात्री उशीर झाला की अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडायच्या, आणि त्यांच्या टेबलावर एक छोटा टीव्ही होता ज्यावर थंडीभर एकच गोष्ट चालू असायची, ती म्हणजे बायथलॉन. मला आधी कळायचंच नाही हे काय चाललंय. माणसं पाठीला रायफल बांधून बर्फात स्कीवर पळतात, धापा टाकत येतात, आडवी पडतात आणि ५० मीटरवरच्या पाच काळ्या गोलांवर नेम धरतात. आडवं पडून मारायचा गोल साडेचार सेंटीमीटरचा, उभं राहून मारायचा साडेअकरा. लागला की गोल पांढरा होतो. चुकला तर स्प्रिंटसारख्या शर्यतीत १५० मीटरचा दंडाचा फेरा मारून यायचा, तोपर्यंत मागचे पुढं निघून जातात. आजींना सगळ्यांची नावं, गावं, कुणाची कुठली गोळी कधी चुकली ते पाठ होतं. मार्च २०१९ मध्ये स्वीडनच्या ओस्टरसुंडला दिमित्रो पिद्रुच्नी परस्यूट शर्यतीत वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा त्यांनी आम्हा चार मराठी पोरींना पासबिस न बघता आत सोडलं होतं, वर चॉकलेट दिलं होतं. आपल्याकडं सचिन तेंडुलकर आउट झाला की घरात सुतक असायचं ना, तिथं थंडीत बायथलॉनचं तसंच असतं. स्वतंत्र युक्रेनचं पहिलं हिवाळी ऑलिम्पिक पदकसुद्धा बायथलॉनचंच, १९९४ ला लिलहॅमरला व्हॅलेंतिना त्सेर्बेचं ब्राँझ. आणि सोची २०१४ मध्ये बायकांच्या रिलेचं सोनं आलं, सेमेरेन्को जुळ्या बहिणी, जिमा आणि पिद्ग्रुश्ना, २१ फेब्रुवारीला. कीवच्या 'मैदान' नावाच्या चौकात आंदोलन करणारी माणसं मेली त्याला तेव्हा एकच दिवस झाला होता. आजी ही तारीख अशी सांगायच्या जशी आपली आजी घरातल्या लग्नाची सांगते.

व्हिताली लुक्यानेन्को हे नाव मला त्यांच्याकडूनच कळलं. २०१८ च्या मार्चमध्ये, प्योंगचांगची पॅरालिम्पिक चालू होती तेव्हा. मी टीव्हीवर बघितलं तर एक माणूस पुढं, एक मागं, आणि मागचा सारखा पुढच्याच्या आवाजाकडं कान लावून पळतोय. मी विचारलं हा का मागं मागं. तर म्हणाल्या, अगं त्याला दिसत नाही.

आता मी एका हॉस्पिटलच्या नेत्रविभागात काम करते म्हणून हे तुम्हाला जरा नीट सांगते, म्हणजे तुम्हाला माहीतच असणार, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. दृष्टिहीन गटात तीन वर्ग असतात. एका टोकाला पूर्ण अंधार, त्यांना वर काळा गॉगल लावूनच पळावं लागतं. दुसऱ्या टोकाला असे की आमच्याकडं तपासायला बसवलं तर भिंतीवरच्या चार्टचं सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षर जेमतेम ओळखतील. सगळे एकाच शर्यतीत पळतात आणि कुणाला किती दिसतं त्यानुसार वेळेला गुणक लावतात. पुढं गाईड स्की करतो, त्याचा आवाज हाच रस्ता. चढ आला, डावीकडं वळण, पुढं उतार, सगळं आवाजावर. आणि नेमबाजी? ती कानानं करायची. हेडफोन घालायचे, रायफल टार्गेटकडं फिरवायची, नळी मध्याच्या जितकी जवळ जाईल तितका आवाज चढत जातो. सगळ्यात टिपेला पोचला की चाप ओढायचा. टार्गेट १० मीटरवर असतं. नाडी एकशे सत्तरच्या पुढं पळत असताना, श्वास लागलेला असताना, एक बारीक सूर ऐकायचा आणि तो हातानं स्थिर धरायचा. मी डॉक्टर आहे, मला अजूनही कळलेलं नाही हे शरीर करतं कसं.

लुक्यानेन्कोनं हे वीस वर्षं केलं. तूरिन, व्हँकुव्हर, सोची, प्योंगचांग, बीजिंग, प्रत्येक ठिकाणाहून पदक घेऊनच आला माणूस. बीजिंगमध्ये तो ४३ वर्षांचा होता. ४३! आणि बायथलॉनच्या पहिल्याच दिवशी, ५ मार्च २०२२ ला, त्यानं सोनं घेतलं, पुढं गाईड बोरिस बाबार. गाईडला पण पदक मिळतं, हे मला फार आवडतं. त्याच दिवशी ओक्साना शिश्कोवानं सोनं घेतलं, ह्रिहोरी वोव्हचिन्स्कीनं घेतलं. एका दिवसात तीन, सगळी बायथलॉनची.

५ मार्च २०२२. ही तारीख मी का विसरत नाही ते सांगते म्हणजे माझा काय संबंध हा प्रश्न संपेल.

२४ फेब्रुवारीला पहाटे खारकीववर बॉम्ब पडायला लागले. आम्ही मेट्रो स्टेशनात खाली राहिलो, फरशीवर, थंडीत, हजारो लोक, त्यात म्हातारी माणसं, मांजरं, बाळं. १ मार्चला सकाळी फ्रीडम स्क्वेअरवरच्या प्रशासकीय इमारतीवर मिसाईल पडलं. त्याच दिवशी कर्नाटकातला आपला एक विद्यार्थी गेला, खायचं सामान आणायला बाहेर पडला होता. २ मार्चला दूतावासाचा मेसेज आला की आत्ताच्या आत्ता खारकीव सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाये नाहीतर बेझ्लुदिव्का गाठा, गाडी नसेल तर चालत जा. आम्ही चालत पिसोचिनला गेलो. तिथं अडकलो असताना एका पोरीच्या फोनला थोडी रेंज आली, आणि सगळे आपापल्या घरी मेसेज करत असताना मला होस्टेलच्या आजींचा मेसेज दिसला, त्या अजून शहरातच होत्या, तळघरात. काय लिहिलं होतं? लुक्यानेन्कोला सोनं मिळालं. एवढंच.

म्हणजे बघा, तळघरात बसलेल्या बाईला वाटलं की ही गोष्ट त्या भारतातल्या पोरीला कळवलीच पाहिजे. खेळाडूला लोकमान्यता म्हणतात ती हीच असेल तर असेल, बाकी पुरस्कारबिरस्कार असू देत.

त्या दिवसांतलं अजून सांगते. ल्युदमिला ल्याशेन्को, खारकीवचीच, बीजिंगमध्ये स्पर्धा चालू असताना तिचं खारकीवमधलं घर बॉम्बनं गेलं. तिनं पदकं जिंकली. दिमित्रो सुयार्को, त्याचं पण घर उद्ध्वस्त झालं, त्याला ब्राँझ मिळालं त्याच शर्यतीत ज्यात सोनं लुक्यानेन्कोचं आणि तिन्ही पदकं युक्रेनची होती. एकोणीस वर्षांची एक मुलगी शर्यतीला उतरलीच नाही कारण तिच्या सैनिक बापाला रशियनांनी पकडल्याची बातमी आली. आणि खारकीवच्या जवळच, आम्ही मेट्रोतून बाहेर पडत होतो त्याच सुमाराला, येव्हेन मालिशेव मारला गेला. १९ वर्षांचा पोरगा, युक्रेनच्या ज्युनिअर संघातून बायथलॉन खेळलेला, सैन्यात होता. ही टीम २० खेळाडू आणि ९ गाईड घेऊन कित्येक दिवस प्रवास करत बीजिंगला पोचली आणि २९ पदकं, त्यात ११ सोन्याची, घेऊन चीनच्या खालोखाल दुसरी आली. पॅरिसला आपली पण २९ च होती आणि आपण केवढा जल्लोष केला, करायलाच पाहिजे होता.

आता तक्रारी. आरडाओरडा करणार नाही, शिवी तर अजिबात देणार नाही.

पहिली आणि मोठी तक्रार. मत भारताच्या नावावर पडतं, म्हणजे माझ्या पण नावावर पडतं, आणि ते काय पडलं हे मला कळत नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून मतदान झालं तरी कोण कुठल्या बाजूला होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यावरून पुढं वर्षभर भांडणं होतात, पण निदान ठाऊक असतं. इथं दीडशेपेक्षा जास्त देशांनी मतं टाकली आणि बाहेर आले ते नुसते आकडे. तुम्ही निलंबन उठवायच्या बाजूनं मत दिलं असेल तर तसं सांगा, कारण सांगा, आम्ही वाद घालू. विरोधात दिलं असेल तर मी स्वतः पेढे घेऊन येते. तटस्थ राहिला असाल तर ते पण सांगा. पण गप्प बसणं हे काही चौथं मत नसतं.

दुसरी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे जे अशा वेळी कुणीतरी हमखास टाकतं, खेळात राजकारण आणू नका, खेळाडूंचा काय दोष. तुम्ही हे म्हणालात असं मी म्हणत नाही. पण ह्या निर्णयाच्या समर्थनात हेच चाललंय सगळीकडं, व्हॉट्सॲपवर मलाच चार जणांनी पाठवलं. तर नीट समजून घ्या लोकहो. रशियन खेळाडू खेळतच होते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बहारीनला अंशतः निलंबन झालं त्याचा अर्थच तो होता, की वैयक्तिक खेळाडू तटस्थ म्हणून येऊ शकतात, झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही. पॅरिसला ते तसेच खेळले. आपल्या दिल्लीत पण रशियन खेळाडू तटस्थ म्हणूनच मैदानात उतरले. म्हणजे सोलमध्ये प्रश्न खेळाडूला खेळू द्यायचं का हा नव्हताच! प्रश्न होता झेंड्याचा, राष्ट्रगीताचा आणि तिथल्या समितीच्या खुर्चीचा. खेळाडूंचा काय दोष हे वाक्य खेळाडूसाठी आहे, समितीसाठी नाही, आणि समितीच्या सोयीसाठी खेळाडूला पुढं करायचं हे मला पटत नाही. ऑलिम्पिकवाल्यांनी, म्हणजे आयओसीनं, रशियाच्या ऑलिम्पिक समितीला ऑक्टोबर २०२३ मध्ये निलंबित केलं ते युक्रेनच्या चार प्रांतांतल्या क्रीडा संस्था स्वतःत ओढून घेतल्या म्हणून, आणि ते निलंबन अजून आहे. मग पॅरालिम्पिकमध्येच असा काय बदल झाला? युद्ध थांबलं का?

झेंडा नसण्याचं दुःख आपल्याला माहीत नाही असं नाही बरं का. सोची २०१४ च्या उद्घाटनाला शिवा केशवन आणि बाकीचे दोघं ऑलिम्पिकच्या पांढऱ्या झेंड्याखाली चालले, कारण आपली ऑलिम्पिक संघटना निलंबित होती. तुमची समिती पण २०१५ मध्ये आयपीसीनं निलंबित केली होती आणि आपले खेळाडू आयपीसीच्या झेंड्याखाली खेळले. त्यांना वाईट वाटलं, आपल्यालाही वाटलं. पण तेव्हा कुणी असं म्हटलं नाही की खेळाडूंना वाईट वाटतंय तर जाऊ दे, पदाधिकाऱ्यांचे घोळ तसेच राहू देत. घोळ निस्तरले, मग झेंडा परत आला. हाच क्रम असतो ना?

आता हे पण सांगते, कारण कमेंटमध्ये येणारच आहे. रशिया आपला जुना मित्र आहे, मान्य. आम्हाला तिथून बाहेर काढलं ते भारत सरकारनं, ऑपरेशन गंगामधून, तिरंगा बघून रस्त्यात वाट मिळाली, मी ते जन्मभर विसरणार नाही आणि त्यावर कुणी टिंगल केली तर भांडते. अमेरिकेनं इराकवर हल्ला केला तेव्हा अमेरिकेला कुणी बाहेर काढलं, गाझात काय चाललंय, हे प्रश्न पण खरे आहेत, विचारायलाच पाहिजेत. उत्तर असं आहे की मग सगळ्यांसाठी एक नियम मागा, उघडपणे मागा, भारत म्हणून उभे राहा आणि मागा. एकाला सोडलं म्हणून दुसऱ्यालाही सोडा, तेही गुपचूप, ही काही भूमिका नाही.

तिसरी तक्रार जरा वेगळी आहे आणि ती फक्त तुमच्यावर नाही. मत टाकण्याआधी ज्यांच्या आयुष्यावर मत टाकतोय ते कोण आहेत हे आपण बघितलं का? हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये आपला एकही खेळाडू आजवर उतरलेला नाही. म्हणजे बर्फावरच्या त्या जगात आपलं गुंतलेलं काहीच नाही आणि त्यांचं सगळंच. युक्रेन पॅरा खेळात एवढं पुढं का आहे माहितीये? त्यांनी १९९३ पासून इनवास्पोर्ट नावाची व्यवस्था उभी केली, प्रत्येक प्रांतात अपंग खेळाडूंसाठी केंद्र. देश गरीब, पण हे केलं. त्यांची मुख्य पॅरालिम्पिक प्रशिक्षण संस्था कुठं होती? क्रिमियात, येव्हपातोरियाला. २०१४ ला रशियानं क्रिमिया घेतला, संस्था गेली. त्याच मार्चमध्ये सोचीत पॅरालिम्पिक होतं, म्हणजे ज्यानं घेतलं त्याच्याच घरी खेळायला जायचं. उद्घाटनाला युक्रेननं अख्खी टीम न पाठवता एकच माणूस पाठवला, मिखाइलो त्काचेन्को, झेंडा घेऊन एकटा. आणि नंतर पदक घेताना त्यांचे खेळाडू हातानं पदक झाकून उभे राहिले. लुक्यानेन्कोनं त्या सोचीतही सोनं जिंकलं. असा माणूस, ज्याच्या करिअरच्या मधोमध दोनदा युद्ध येऊन बसलं, त्याच्याबद्दल आपल्याकडं दोन ओळी छापून आल्या असतील तर मला दाखवा. मी परत आल्यावर एका पेपरला बीजिंगच्या युक्रेनी बायथलीटांवर लेख पाठवला होता, तिथून फोन आला की यात इंडिया अँगल काय. आता सोलमध्ये इंडिया अँगल तयार झालाय, एका मताचा, आणि तोच नेमका सांगायचा नाही!

आणि पॅरालिम्पिक मुळात निघालं कशातून, ते तर तुम्हाला मी सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४८ ला इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला झालेल्या स्पर्धांतून. आपलं पहिलं पॅरालिम्पिक सोनं कुणाचं? आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर, ६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान, १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळायला जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. खेळाडूची कदर उशिरा करण्यात आपला हात कोण धरणार! पण युद्धात शरीर गमावलेल्या माणसाचा खेळ म्हणजे काय हे निदान आपल्या जिल्ह्यात तरी कुणाला शिकवायला लागत नाही. युक्रेनमध्ये आज हात-पाय-डोळे गेलेले हजारो तरुण आहेत. त्यातले काही उद्या बर्फावर उतरतील, आणि ज्या देशाच्या सैन्यानं त्यांचा पाय नेला त्याचा झेंडा शेजारच्या खांबावर चढणार, ह्याला आपण होकार दिला की नाही एवढं तरी कळू द्या.

देवेंद्रजी, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. तुम्ही २००४ ला अथेन्सला सोनं जिंकलं, वर्ल्ड रेकॉर्ड केला. आणि मग पुढचं सोनं थेट २०१६ ला रिओत. मधली बारा वर्षं तुम्ही कमी पडलात म्हणून गेली नाहीत, तुमच्या गटाची भालाफेक बीजिंग आणि लंडनच्या कार्यक्रमातच नव्हती म्हणून गेली. कुठल्यातरी खोलीत कुणीतरी टेबलावर बसून ठरवलं आणि चुरूच्या एका माणसाची ऐन भरातली वर्षं गेली. तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं होतं? बंद खोलीतल्या निर्णयाची झळ तुमच्याइतकी बसलेला दुसरा अध्यक्ष त्या सभागृहात क्वचितच असेल, म्हणून माझी अपेक्षा तुमच्याकडून जास्त आहे. दुसरा कुणी अध्यक्ष असता तर कदाचित एवढं लांबलचक लिहिलंही नसतं.

एक बारीक गोष्ट राहिली. पॅरा बायथलॉन २०२२ पासून आयपीसीकडं नाही, आंतरराष्ट्रीय बायथलॉन संघटनेकडं आहे, आणि त्यांनी रशियाला दार बंद ठेवलंय. सोलच्या मतदानानंतरही. त्यामुळं काही जण म्हणतायत की प्रत्यक्षात बर्फावर फार फरक पडणार नाही, कशाला डोकं फिरवून घेता. पण ६ मार्च २०२६ ला व्हेरोनात मिलान-कोर्तिना पॅरालिम्पिकचं उद्घाटन आहे, आणि कायद्यानं आता झेंड्याची वाट मोकळी झालीय. २०२२ ला आयपीसीनं २ मार्चला सांगितलं होतं की रशियन खेळाडू तटस्थ म्हणून खेळतील, आणि बऱ्याच देशांनी आम्ही मग खेळत नाही म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी निर्णय फिरवला. म्हणजे देश बोलले की फरक पडतो. गप्प बसले की पण पडतोच.

मागण्या. तीनच आहेत.

एक, २७ सप्टेंबरला सोलमध्ये रशिया आणि बेलारूसबद्दलच्या प्रत्येक ठरावावर भारताच्या प्रतिनिधीनं काय मत दिलं ते लेखी जाहीर करा, आणि ते मत कुणी ठरवलं, समितीनं, क्रीडा मंत्रालयानं की तिथं बसलेल्या माणसानं ऐनवेळी, हे पण त्यातच लिहा. आयपीसीचं मतदान गुप्त असेल तर असू द्या, आपलं मत आपण सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

दोन, इथून पुढं असं मतदान असेल तेव्हा आधी आपल्या खेळाडूंना विचारा. पॅरिसचे पदकविजेते आहेत, आमचा आटपाडीचा सचिन खिलारी आहे, दृष्टिहीन धावपटू आहेत, त्यांचे गाईड आहेत. ते तुमच्या विरुद्ध बोलतील, माझ्याही विरुद्ध बोलतील, चालेल. पण विचारा. आणि आयपीसीच्या पुढच्या आमसभेत नावानिशी मतदान व्हावं असा ठराव भारतानंच मांडावा.

तीन, हे मताशी संबंधित नाही, मत काहीही दिलं असलं तरी करता येईल. लुक्यानेन्को आणि त्याच्यासारख्यांनी जे काम केलंय ते आपल्या पोरांपर्यंत येऊ द्या. आपल्याकडं गुलमर्गला बर्फ आहे, सैन्याचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, बायथलॉन माहीत असलेले जवान आहेत. दृष्टिहीन पोरांसाठी कानानं नेम धरायच्या रायफलचा एक संच आणायला आणि युक्रेनच्या एका प्रशिक्षकाला एका हिवाळ्यासाठी बोलवायला फार मोठं बजेट लागत नसावं. त्या प्रशिक्षकाला आपल्याकडं मान द्या, पैसे द्या, आणि त्याला सांगा की भारताचं मत काय होतं. त्याच्यासमोर ते सांगता येईल असं असेल तर बरंच आहे.

पहिल्या मागणीला दोन ओळी पुरतात. हिंदीत द्या, इंग्रजीत द्या, साईटवर टाका, प्रेस नोट काढा, माझ्या नावानं उत्तर यायची अपेक्षा नाही. व्हेरोनाच्या आधी आलं तर बरं होईल.

आपली,
खारकीवला शिकलेली एक डॉक्टर
जि. सांगली